चौदा दिवसांचं पाणी

स्लॅब पडला की बाकीच्यांचं काम संपतं आणि त्याचं सुरू होतं.

मिक्सर धुऊन होतो, घमेली उपडी पडतात, माणसं जागा मिळेल तिथे पाठ टेकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा वर चढतो. गाऱ्याचे चार बोटं उंच बांध घालून सगळ्या स्लॅबचे वाफे पाडतो, एकेक वाफा दोन खाटांएवढा, आणि त्यांत पाणी सोडतो. लोकांना वाटतं काँक्रीट सुकून घट्ट होतं. ते पाणी पिऊन घट्ट होतं. पहिल्या काही दिवसांत तहानलेलं राहिलं तर वरून काही दिसत नाही, पण आतून कच्चं राहतं. मागाहून कितीही पाणी ओता, ते भरून येत नाही.

हे त्याला एका म्हाताऱ्या पाणीवाल्याने शिकवलं होतं. त्याआधी अकरा वर्षं तो डोक्यावर घमेलं वाहत होता. एकदा पाठीत चमक भरली ती निघालीच नाही. मुकादम म्हणाला, "तुला हलकं काम देतो. पाणी मार." हलकं म्हणणाऱ्याने ते कधी केलं नसणार. पंप सकाळी दोन तास चालायचा, उरलेला दिवस हाताने. दोन हातांत दोन बादल्या, बहात्तर पायऱ्या, दिवसाला पंधरा-सोळा फेऱ्या. बादली हिंदकळली की पायरी ओली होते आणि पुढच्या फेरीला पाय घसरतो. म्हणून बादली दोन बोटं कमी भरायची आणि एक फेरी जास्त करायची. हे त्याने स्वतः शोधून काढलं होतं.

बाकीचे पाणीवाले सात दिवस पाणी ठेवतात, तेही सांगण्यापुरतं. पाचव्या दिवशी त्यांच्या वाफ्यांत कुत्रं झोपलेलं असतं. हा चौदा दिवस ठेवायचा. रोज सकाळी जिन्याजवळच्या भिंतीवर खडूची एक रेघ. चौदा रेघा झाल्या की बांध फोडायचा. त्याआधी कुठल्याही वाफ्यात पाणी तीन बोटांखाली गेलं तर त्याला घास गोड लागायचा नाही. त्याच्या बोटांची टोकं कायम पांढरी आणि सुरकुतलेली असायची. सगळे त्याला पाणीवाला म्हणत. मुकादम एकदा चारचौघांत म्हणाला होता, "ह्याच्या स्लॅबवर खुशाल रोडरोलर फिरवा." त्या एका वाक्यावर त्याने वर्ष काढलं.

त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, जिथे पुढे विजेचे मीटर बसणार होते त्या खोलीत, तो आणि त्याची बायको राहत होती. खिडकीला चौकट नव्हती, गोणपाट टांगलेलं होतं. दाराला पत्रा. बायको मिक्सरपाशी पाणी मोजून टाकायचं काम करायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस राहिले होते.

सहाव्या महिन्यात एका दुपारी ती काम सोडून खोलीत आली आणि दोन गोधड्या अंगावर घेऊन कुडकुडत बसली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तासाभराने ती घामाने निथळली आणि उठून भांडी घासायला लागली.

"काय झालं होतं गं?"

"अंग मोडून आलं होतं. गेलं."

एक दिवस सोडून पुन्हा तेच. मग आणखी एकदा. त्याने दुकानातून दोन गोळ्या आणून दिल्या. ताप उतरला. दवाखान्यात जायची तिची तारीख तीन दिवसांनी होती. त्या सकाळी ती केस विंचरून, कागद पिशवीत घालून निघाली.

"तपासायला जाते. तापाचंही सांगते. रक्त बघतील."

त्याच दिवशी चौथ्या मजल्याचा स्लॅब होता. स्लॅब सुरू झाला की मधे थांबवता येत नाही. अर्धा आज, अर्धा उद्या केला की जोड राहतो आणि तिथून पाणी झिरपतं. माणसं आधीच दोन कमी होती.

"ताप तर उतरलाय," तो म्हणाला. "आता सांगून काय करणार? उगीच सुई टोचतील आणि अर्धा दिवस बसवतील. मिक्सरवर तुझ्याइतकं नेमकं पाणी कोण टाकणार? पुढच्या खेपेला जा."

ती जरा वेळ दारात उभी राहिली. मग पिशवी खुंटीला अडकवून मिक्सरपाशी गेली. सकाळी सात ते संध्याकाळी सहा तिने पाणी मोजून टाकलं. स्लॅब उत्तम झाला. पुढच्या महिन्यात ती दवाखान्यात गेली तेव्हा बाईंनी विचारलं, ताप वगैरे आला होता का? ती नाही म्हणाली. तोवर ताप विसरलाही गेला होता.

मुलगी दिवस भरूनच झाली, पण वजन दोन किलो शंभर. त्याने तिला हातात घेतलं आणि मनात म्हणाला, अर्धी बादलीसुद्धा नाही. तो तिला मुंगी म्हणायला लागला. मुंगी रडायचीसुद्धा बारीक आवाजात, शेजारच्या खोलीत कुणीतरी रडत असल्यासारखी.

दुसऱ्या महिन्यात तिला खोकला झाला. तो जातो न जातो तोच जुलाब. चौथ्या महिन्यात पुन्हा छाती भरली. दवाखान्यातून वाढीचा तक्ता दिला होता. त्यावर छापील रेघा वर चढत जात होत्या आणि मुंगीचे पेनाने काढलेले ठिपके सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली रांगत होते.

त्याला जे येत होतं ते त्याने केलं. हिशेब असा केला की वस्तू कच्ची राहतेय म्हणजे तिला मिळायचं ते मिळत नाही. पाणी कमी पडतंय. म्हणजे दूध.

"तुझं दूध कमी पडतंय," तो बायकोला म्हणाला.

"मी दिवसभर पाजतेय. तीच दमते ओढताना."

"दमते म्हणजे काय? नीट धरत नसशील तू."

त्याने खोलीच्या भिंतीवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली. एकदा पाजलं की एक रेघ. दिवसाला दहा झाल्याच पाहिजेत. तो बादल्या घेऊन वर जाता-येता दारातून डोकवायचा आणि आधी मुलीकडे नाही, भिंतीकडे बघायचा.

"आज सातच?"

"झोपली होती हो ती."

"उठवायची."

"लेकरू आहे ते. पंप नाही, बटण दाबलं की सुरू व्हायला."

तो बादल्या उचलायचा. असे दोन महिने गेले. बायको बोलायची कमी झाली. खडूचा तुकडा मात्र रोज झिजत होता.

मुंगी पाच महिन्यांची असताना तापाने फणफणली. आधी हात-पाय गार, मग अंग निखारा, डोळे अर्धे मिटलेले. तिला घेऊन बायको दवाखान्यात धावली. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. आठ दिवस ठेवून घेतलं. तो रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचा. तिसऱ्या दिवशी त्याने खाटेपाशी उभं राहून विचारलं, "इथे तरी नीट पाजतेस ना?"

बायकोने डबा घेतला आणि बाजूला ठेवला. पुढचे पाच दिवस ती एक शब्द बोलली नाही. नवव्या दिवशी दवाखान्यातून ती परस्पर आपल्या थोरल्या बहिणीकडे गेली. तिचे कपडे न्यायला बहीणच आली. जाताना म्हणाली, "भावोजी, तिचा निरोप आहे. तुम्ही रेघा मोजत बसा."

नंतर तो एकटाच राहिला. पाच महिने.

एकट्या माणसाची खोली मोठी होत जाते. दोन पावलांची खोली, पण ताट ठेवल्याचा आवाज चारी भिंतींवर आपटून परत येई. तो एका माणसाचं शिजवायचा आणि तेही उरायचं. झोळी बांधलेली दोरी छताच्या हुकाला तशीच लोंबत होती. जाता-येता तिचा डोक्याला स्पर्श व्हायचा. सोडून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. त्याने ते केलं नाही. भिंतीवरच्या रेघा दारातून शिरलं की समोर दिसत. तो त्यांच्याकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

मेहुणीचं घर चालत चाळीस मिनिटांवर होतं. तो एकदाही गेला नाही. मुकादमाने दोनतीनदा टोचलं.

"अरे, बायको कधी येणार तुझी?"

"येईल."

"आणायला जायला पाय दुखतात का?"

"वाफे भरायचेत," म्हणून तो जिना चढायला लागायचा. मनात एकच घट्ट धरलं होतं, की आपण काही खोटं बोललो नाही. काम कमी पडलं तर कमी पडलं म्हणायचं. त्यात राग कसला?

सहाव्या मजल्याचा स्लॅब पडून अकरा दिवस झाले होते तेव्हा सरकारी दवाखान्यातली नर्सबाई साचलेलं पाणी तपासत आली. पंचेचाळीसची असेल, पायात रबरी चपला, खांद्याला पिशवी, हातात लांब दांडीचा पांढरा डाव. वर येईपर्यंत तिला धाप लागली.

"एवढे जिने तुम्ही रोज चढता?"

"पंधरा वेळा. बादल्या घेऊन."

"मग मी तक्रार करत नाही," असं म्हणून ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. तिने डाव पाण्यात तिरका बुडवला, वर काढला आणि त्याच्यासमोर धरला. "बघा."

पांढऱ्या डावात दहा-बारा बारीक काड्या पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडव्या पडल्या होत्या. त्याने बोट जवळ नेलं तशा त्या झटका देऊन खाली गेल्या.

"ह्या तर नेहमीच असतात," तो म्हणाला.

"नेहमी?"

"पाणी म्हटलं की असणारच. आठवड्याने दिसतात. मग जातात."

"कुठे जातात?"

असा विचार त्याने कधी केला नव्हता.

"उडून जातात, दादा," ती म्हणाली. "ही डासाची पिल्लं आहेत. मलेरियाच्या डासाची. अंडं घातल्यापासून आठ-दहा दिवस साचलेलं पाणी मिळालं की झाला डास. तुम्ही पाणी किती दिवस ठेवता?"

"चौदा." नेहमी हे सांगताना त्याचा आवाज चढायचा. आज चढला, पण मधेच उतरला.

"शेजारच्या इमारतीवर आत्ता जाऊन आले. एक अळी नाही. तिथला पाणीवाला चार दिवसांनी फिरकतच नाही म्हणे, सगळं कोरडं ठाक. तुमच्यासारखा कामाला चोख माणूस मी पहिल्यांदा बघतेय, आणि एवढे डासही पहिल्यांदाच बघतेय."

ती हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली.

"घरात कुणाला ताप?"

"घरात कुणी नाही," तो म्हणाला. आणि मग, का कोण जाणे, त्या अनोळखी बाईला त्याने सगळं सांगितलं. बादली उपडी घालून तिच्यावर बसला आणि सांगत गेला. मुंगीचं वजन, खोकला, जुलाब, पाचव्या महिन्यातला मलेरिया, दूध, रेघा.

नर्सबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "पोटुशी असताना बायकोला थंडी वाजून ताप आला होता?"

"तीनदा. सहाव्या महिन्यात. उतरला."

"रक्त तपासलं?"

लांब खाली रस्त्यावर कुणीतरी गज टाकले. त्यांचा आवाज विरेपर्यंत तो थांबला. "नाही. त्या दिवशी स्लॅब होता."

नर्सबाईने डावातलं पाणी कोरड्या बांधावर ओतलं. त्या काड्या तिथे वळवळून थांबल्या.

"हे बघा, मी छातीठोक सांगू शकत नाही. त्या वेळी तपासलंच नाही तर आता कोण सांगणार? पण होतं काय ते सांगते. पोटुशा बाईला मलेरिया झाला की तो जंतू वारेत जाऊन दडून बसतो. वार माहीत आहे ना? तिच्यातूनच मुलाला सगळं जातं. बाईचा ताप उतरतो, ती कामाला लागते, तिला वाटतं बरं झालं. आणि आत वारेत तो बसलेलाच असतो. मुलाला जाणारं अन्न अडतं. म्हणून मूल हलकं होतं."

"आणि नंतरची आजारपणं?"

"शेवटच्या दोन-तीन महिन्यांत आई मुलाला आणखी एक गोष्ट देते. रोगाशी लढायची शिदोरी. तिचं अंग आजवर ज्या ज्या रोगाशी लढलंय, त्याची ताकद वारेतून मुलात उतरते. वार खराब असेल तर तीही कमी उतरते. मग खोकला, जुलाब, काहीही लवकर पकडतं. शिवाय पोटात असतानाच मुलाची त्या जंतूशी ओळख होते. काही मुलांचं अंग मग त्याला परका मानत नाही. चोर घरात शिरला तरी पाहुणा आला म्हणून बसून राहावं, तसं. अशा मुलांना पहिल्या वर्षात मलेरिया जास्त होतो. सगळ्यांना नाही. पण होतो."

तो बोटांच्या पांढऱ्या टोकांकडे बघत होता. "मग दूध?"

"दुधाचं काय?"

"कमी पडत होतं ना."

"अहो दादा, एवढं सगळं होऊन ती पोरगी जगली कशावर? दुधावरच ना! तुमच्या बायकोने तिला ओढून काढलंय."

तो म्हणाला, "आमच्यात काँक्रीटला पहिल्या दिवसांत मिळायचं ते नाही मिळालं तर मागाहून भरून येत नाही."

"मी स्लॅब तपासायला आले नाही. लेकरं भरून काढतात. दोन वर्षांची होईपर्यंत तरी जिवाचं रान करायचं. मच्छरदाणी, सगळ्या लशी वेळेवर, जरा अंग तापलं की त्याच दिवशी रक्त, आणि खाणं. काही थोडी बुटकी राहतात, काही पकडतात बाकीच्यांना." ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. "आणि हे पाणी आठवड्यातून एक दिवस पार कोरडं करायचं. तेवढं करा."

ती गेल्यावर तो तिथेच बसून राहिला. अकराव्या दिवसाचं पाणी समोर चमकत होतं. सहा स्लॅब. प्रत्येकी चौदा दिवस. त्याने कधी कामचुकारपणा केला नव्हता. एक दिवस जरी केला असता तर!

मग तो उठला आणि फावड्याने पहिला बांध फोडला.

मुकादम धावत वर आला तेव्हा पाणी जिन्यावरून वाहत होतं. "डोकं फिरलं का तुझं? अजून तीन दिवस बाकी आहेत तुझ्याच हिशेबाने!"

"ह्याचं पुरे झालंय. पुढच्या स्लॅबला वाफे करायचे नाहीत."

"मग काय स्लॅबवर थुंकून ठेवायचं?"

"कॉलमला गुंडाळतो तसं गोणपाट अंथरायचं. ओलं ठेवायचं. साचवायचं नाही."

"उन्हात दर दोन तासांनी भिजवावं लागेल. कोण भिजवणार?"

"मी."

"चौदा दिवस? तुझी पाठ?"

"माझी आहे."

मुकादमाने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. काही सुचेनासं झालं की तो एवढंच करायचा.

सातव्या मजल्याला त्याने तसंच केलं. रिकाम्या गोण्या उसवून दाभणाने एकमेकींना शिवल्या. तीन दिवस तेच काम. वर दोन पिंपं ठेवली, दोन्हींना घट्ट झाकणं. खालच्या टाकीच्या तोंडावर फळ्या ठोकल्या. सकाळी सहाला पहिली फेरी, मग आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. वाकून, मगाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वाफ्यात पाणी एकदा भरलं की ते आपलं आपण काम करत राहतं. गोणपाट तसं नाही. ते सारखं मागतं. तिसऱ्या दिवशी त्याला संध्याकाळी सरळ उभं राहता येईना. पण काँक्रीट काळंभोर ओलं राहिलं आणि कुठे खळगाभर पाणी साचलं नाही.

चौथ्या दिवशी आठची फेरी संपवून त्याने पाय धुतले, आदल्या संध्याकाळी आणलेली मच्छरदाणी बगलेत मारली आणि निघाला. गोणपाट दोन तास ओलं राहतं. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस. उरली चाळीस.

मेहुणी कपड्यांना इस्त्री करायची. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. त्याला बघून तिने इस्त्री खाली ठेवली नाही, हातातच धरून ठेवली.

"या. आज स्लॅब सुट्टीवर आहे?"

"ताई, ती आहे का?"

"आहे. सहा महिने झाले इथेच आहे. पत्ता तोच आहे."

"पाच महिने," तो म्हणाला आणि म्हटल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"अजून मोजणं सुटलं नाही," ती म्हणाली आणि आत वळून ओरडली, "अगं, पाणी आलंय!"

बायको मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मुंगी चटईवर बसली होती. बसली होती! त्याने तिला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. मान बारीक, डोळे मोठे, दहा महिने उलटून गेलेली असून सात-आठची वाटेल अशी. ती त्याच्याकडे बघत राहिली, तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. आता आवाज बारीक नव्हता.

बायकोने तिला उचललं. "अनोळखी माणूस बघितलं की रडते."

तो दारातच उभा होता. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती, ती सगळी सांडली. "एक बाई आली होती," तो म्हणाला. "नर्स. तिने पाण्यात अळ्या दाखवल्या. माझ्या पाण्यात. दूध कमी नव्हतं तुझं. ती पोटात असताना तुला ताप होता ना, त्याचं आहे ते. तू तपासायला निघाली होतीस. मी थांबवलं."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"मुंगी दवाखान्यात होती तेव्हा डॉक्टरांनी सगळं विचारलं, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी."

म्हणजे त्याने खाटेपाशी उभं राहून नीट पाजतेस ना म्हणून विचारलं त्याच्या आदल्या दिवशी.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. तुम्ही डबा घेऊन आलात तेव्हा बोलणारच होते." तिने मुंगीचं नाक पदराने पुसलं. "तुम्ही काय झालं म्हणून विचारलंच नाहीत. किती पाजलं ते विचारलंत."

बाहेर इस्त्री ओल्या कपड्यावर फुस्स करून फिरली. मेहुणीने कान इकडेच ठेवला होता.

त्याने मच्छरदाणी पुढे केली. बायकोने ती उलगडून जाळी डोळ्यांसमोर धरली आणि कुठे भोक आहे का ते बारकाईने बघितलं. नव्हतं. "चांगली आहे," ती म्हणाली. "एक आहे आमच्याकडे, पण ती फाटकी." मग फळीवरून वाढीचा तक्ता काढून त्याच्या हातात दिला. ठिपके अजून सगळ्यात खालच्या रेघेखालीच होते. पण शेवटचे तीन तिरके वर चढले होते. शेवटच्या ठिपक्यापाशी लिहिलं होतं, सहा किलो पाचशे.

"चढतेय," तो म्हणाला.

"तीन महिने ताप नाही. इथे डास कमी आहेत. ताईच्या घरात पाणी टिकतच नाही, सगळ्याची वाफ होते."

"तिथेही आता साचत नाही. मी गोणपाट अंथरतो. पिंपांना झाकणं केलीत. तू आलीस तर..."

"नाही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला ते जास्त लागलं. "तुम्ही कराल, तुमचं काम चोख असतं. पण शेजारच्या इमारतीचं, गटाराचं, खड्ड्यांचं तुम्ही काय करणार? डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांची होईपर्यंत जपा. मी तिला तिथे आणणार नाही."

ती बरोबर बोलत होती. कामातली गोष्ट असती तर त्यानेही हेच सांगितलं असतं. कच्च्यावर वजन टाकायचं नाही.

"बरं," तो म्हणाला.

त्याने हात पुढे केला. मुंगीने त्याच्या सुरकुतलेल्या बोटाकडे बघितलं आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून पुन्हा भोकाड पसरलं.

"सारखे दिसलात तर ओळखेल," बायको म्हणाली.

चाळीस मिनिटं संपली होती. परत जाताना त्याने पावलं लांब टाकली तरी दहा मिनिटं उशीर झालाच. पूर्वेच्या कोपऱ्यातलं गोणपाट कडेने फिकं पडलं होतं. त्याने आधी तोच कोपरा भिजवला. बाराची फेरी झाल्यावर खाली आला, एक ओलं गोणपाट पिळून घेतलं आणि खोलीतल्या भिंतीवरच्या रेघा पुसायला लागला. खडू भिंतीत मुरला होता. पुसल्या तरी ओळी पुसट दिसत राहिल्या. त्याने दोनदा घासलं, मग दोनची फेरी आली म्हणून वर गेला.

तेव्हापासून तो एक दिवस सोडून जातो. आठची फेरी, चाळीस मिनिटं, चाळीस मिनिटं, चाळीस मिनिटं. बायको घड्या घालते, तो बाजूला बसून दोन-चार घालतो. त्याच्या हाताने कपडे ओलसर होतात म्हणून मेहुणी ओरडते. बोलणं फार होत नाही. निघताना कुणी थांबा म्हणत नाही आणि त्यालाही थांबता येत नाही. संध्याकाळी खोलीत तो एक ताट मांडतो. झोळीची दोरी अजून हुकाला आहे.

पहिल्या चार वेळा मुंगी त्याला बघताक्षणी रडली. पाचव्या वेळी तो दारात आला, चपला काढल्या, चटईच्या कडेला बसला, एका सदऱ्याची घडी घातली, दुसरा उचलला, आणि मग ती रडली.

"आज उशिरा रडली," तो म्हणाला.

बायकोने मान हलवली. तो उठला. दहाच्या फेरीची वेळ झाली होती.